सहा चटयांचा दरबार

माझ्याकडे एक लेन्स आहे. तुम्ही म्हणाल, त्यात काय, असते एकेकाकडे! पण ही साधीसुधी लेन्स नव्हे. जाडीला तांदळाच्या दोन पापड्या एकावर एक ठेवाव्यात एवढी, वयानं माझ्या मुलीपेक्षा थोरली, आणि पोट असं, की अख्खं तोक्यो गिळेल आणि ढेकरही देणार नाही! चोवीस मिलिमीटरची वाइड अँगल. झूमबिमची थेरं नाहीत. माणूस मोठा हवा तर आपण पुढे जायचं, लहान हवा तर मागे सरकायचं. एकदा मी हिच्यातून फुजी पर्वत आणि माझी टोपी एकाच फोटोत घेतली. टपाल कचेरीतले मित्र म्हणाले, "इसोगाई, टोपी झकास आलीय. पण तिच्यामागे हा ढेकूण कसला?"

ही लेन्स मला आमच्या गल्लीतल्या कुरोसूनं दिली. त्याचं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान आहे. बदल्यात त्यानं सुक्या बांगड्यांच्या दोन पेट्या घेतल्या आणि वर उपकार केल्याचा चेहरा केला.

"आतल्या पात्यांना तेल धरलंय," तो म्हणाला. "उजेड आत घ्यायचं छिद्र आठ नंबरावर अडकलंय. आता ते देवालाही हलायचं नाही."

"मग मी काय करू हिचं? लोणच्यावर दाब ठेवू?"

"अरे, उलट बरंय! दोन हातांपासून थेट चंद्रापर्यंत सगळं स्पष्ट येईल. एकच लक्षात ठेव. ही बया जवळचं फुगवते आणि लांबचं पळवून लावते. वहिनींना हिच्यासमोर बसवायच्या आधी स्वतःच्या जेवणाची सोय बघ!"

मी ते नीट लक्षात ठेवलं. आणि तिथेच सगळा घोळ झाला!

झालं असं, की आमच्या नात्सुयोचं लग्न जमत आलं होतं. मुलगा हारुओमी, क्योतोच्या उमेगाकी घराण्यातला. पिढीजात पंख्यांचा व्यापार, अकरा खोल्यांचं घर. मुलगा सोन्यासारखा, पण त्याच्या घरात शब्द चालायचा तो आत्याबाईंचा. सुमेनो आत्याबाई म्हणजे हारुओमीच्या वडिलांची थोरली बहीण. वय एक्याऐंशी, पाठ बांबूसारखी ताठ. त्यांचं ठाम मत होतं, की चिमुकल्या घरात वाढलेल्या मुलीचं मनही चिमुकलं होतं, आणि तोक्योत तर माणसं कोंबड्यांसारखी राहतात. त्यांनी पत्र धाडलं : "आपल्या बैठकीच्या खोलीचा एखादा फोटो पाहायला मिळाला, तर म्हातारीचे डोळे निवतील."

माझ्या बायकोनं, फुमिएनं, पत्र तीनदा वाचलं आणि खाली ठेवलं.

"डोळे कसले निवतायत! घर बघून नकार द्यायचाय त्यांना."

नात्सुयोनं पत्राची घडी घालून ते पुन्हा पाकिटात ठेवलं. गेले सहा महिने ती घरभर गुणगुणत हिंडायची. त्या संध्याकाळी गुणगुणणं बंद पडलं, आणि नकार येणार हे मलाही पटलं.

कारण आमचं घर म्हणजे एकेक माणूस आडवा होईल एवढ्या सहा चटयांची एक खोली, पलीकडे स्वयंपाकघर, आणि अंथरुणं ठेवायचं भिंतीतलं कपाट. संपलं! चटयाही अशा आखूड, की क्योतोच्या चटईशेजारी टाकल्या तर वीतभर कमी भराव्यात. खोलीत मानाचा देवळीवजा कोनाडा आहे खरा, पण त्यात एक फुलदाणी ठेवली की फुलाला बाहेर उभं राहावं लागतं. हारुओमी एकदाच आला होता. येताना त्याचं डोकं चौकटीवर आपटलं, जाताना पुन्हा आपटलं, आणि मधल्या वेळात तो आमच्या टीव्हीवर बसला होता. खुर्ची समजून! पण पोरगा गुणी. घरी चकार शब्द बोलला नाही. आत्याबाईंसमोर तो एरवीही बोलत नाही म्हणा.

"काळजी करू नकोस," मी नात्सुयोला म्हणालो. "तुझ्या बापाकडे लेन्स आहे!"

दुसऱ्या दिवशी मी खोलीतलं सगळं सामान उचलून स्वयंपाकघरात कोंबलं. टीव्ही, रेडिओ, रॉकेलची शेगडी, भात शिजवायचं भांडं, फुमिए. मग कपाट रिकामं करून वरच्या फळीवर चढलो, गुडघे कानांना लावले आणि पाठ भिंतीला टेकवली. समोरच्या कोनाड्यात फुलदाणी नाही, साके दारू प्यायची अंगठ्याएवढी वाटी ठेवली. का? लांबचं लांब पळावं म्हणून! पुढची चटई अगदी भिंगाखाली घेतली. खटॅक!

फोटो धुऊन आला आणि कुरोसूनं टोपी काढून तो माझ्या हातात दिला. काय फोटो होता! पुढची चटई नदीसारखी सुटलेली, तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, आणि पार तिकडे, क्षितिजावर, कोनाडा! वाटी दिसत होती रांजणाएवढ्या भांड्यासारखी, फर्लांगभर अंतरावर ठेवलेल्या. एखाद्या सरदारानं घोड्यावर बसून चहाला यावं असा दरबार!

"हे कुणाचं घर?" फुमिएनं विचारलं.

"आपलं."

"मग मी आजवर कुठे राहत होते?"

नात्सुयो म्हणाली, "बाबा, हे खोटं आहे."

"खोटं कसं? एक चटई वाढवली नाही, एक भिंत हलवली नाही! भिंगानं पाहिलं ते कागदावर आलं."

पण पाकीट चिकटवताना नात्सुयोनंच पाण्याचं बोट फिरवलं, हे मी पाहिलं. चाळीस वर्षं टपालात काढलेला माणूस आहे मी. पाकीट कुणी कोणत्या मनानं चिकटवलंय ते मला कळतं.

आठ दिवसांत उत्तर आलं. आत्याबाई प्रसन्न! मी वाचत गेलो, तसा छातीनं फुगत गेलो. आणि मग दुसरं पान उलटलं.

"फोटोत सहा चटया मोजल्या," आत्याबाईंनी लिहिलं होतं. "कुलीन माणूस आपलं वैभव पुरतं कधी दाखवीत नाही, कोपराच दाखवतो. सहा दिसतात म्हणजे अठरा तरी असणार. आपली ही मर्यादशील वृत्ती पाहून मी विरोध मागे घेतला आहे. साखरपुड्याला आम्ही अकराजण येऊ. आधी लहान ताटं आणायचं योजलं होतं. पण आपल्या त्या दरबारात ती हरवून जातील. तेव्हा थोरली नऊ ताटं आणतो."

आता आमच्या तोक्योत साखरपुड्याचं सगळं एका तबकात मावतं. पण क्योतोची थोरली ताटं म्हणजे चेष्टा नव्हे! रंगीत दोऱ्यांचे करकोचे, कासव, पाइन, बांबू, प्लम, सुके मासे, समुद्री शेवाळ, साकेचं पिंप. एकेक ताट आमच्या देवळीहून मोठं!

"कळवून टाका त्यांना," फुमिए म्हणाली. "खरं काय ते सांगा. आत्ताच्या आत्ता!"

मी टेलिफोन उचलला. पलीकडे हारुओमीचे वडील, सोहेई उमेगाकी.

"उमेगाकीसान, स्पष्टच सांगतो. आमचं घर फार म्हणजे फारच लहान आहे."

"छे छे! आमचंच लहान."

"नाही हो, आमचं खरंच लहान! सशाचं खुराडं!"

"आमचं तर बीळ! आत्ता बिळातूनच बोलतोय."

"उमेगाकीसान, तुमच्याकडे अकरा खोल्या आहेत!"

"असतील हो. मोजतंय कोण!"

"अहो, आमच्याकडे पाय पसरायला जागा नाही!"

"आपल्यासारख्या सभ्य माणसाला पाय पसरायची गरजच काय?"

"चटया फाटक्या आहेत! छत गळतं! कोनाड्यात मांजर मावत नाही!"

पलीकडून एक हुंदका ऐकू आला.

"इसोगाईसान," उमेगाकी म्हणाले, "तोक्योत एवढी नम्रता उरली असेल असं वाटलं नव्हतं मला. थांबा, ताईला सांगतो."

फोन बंद झाला. दुसऱ्या दिवशी तार आली. अकराऐवजी तेराजण येणार होते. दोन वृद्ध नातेवाईक खास माझी नम्रता बघायला येत होते!

आता तुम्हीच सांगा, माणसानं करावं काय? आमच्यात ज्याचं घर मोठं तो म्हणतो लहान आहे. ज्याचं खरंच लहान, त्यानं कुठल्या तोंडानं सांगावं? मी बोधिसत्त्वाच्या देवळाचं सभागृह मागायला गेलो. पंचांगातला शुभ दिवस, तीन साखरपुडे आधीच लागलेले. शेजाऱ्याला म्हणालो, मधली भिंत एक दिवस पाडू या का? त्यानं दार लावून घेतलं. अंगाची सालपटं निघेस्तोवर मी चटया घासल्या, जणू घासून त्या लांब होणार होत्या. भात गिळवेना. आणि नात्सुयो रोज थोडी थोडी बारीक होत होती. त्या बाबतीत मात्र घराला जरा मदत झाली. (हे वाक्य मी फुमिएसमोर बोललो, ते बोलायला नको होतं.)

शेवटी दिवस उजाडला. सगळं सामान कपाटात कोंबून मी खांद्यानं दार सरकवून लावलं. त्या दाराला आम्ही मुद्दाम नवा कागद डकवला होता, सोनेरी ढगांचा. शुभकार्यात साधा चहा देत नाहीत, म्हणून खारवलेल्या चेरीच्या फुलांचं गरम पाणी तयार होतं. पेले घरचे पाच, उसने अकरा.

मिनीबस गल्लीच्या तोंडाशी अडकली. तिथून वरात पायी निघाली. पुढे काठी टेकत आत्याबाई, मागे करकोचे, कासव, बांबू, पिंप. गल्लीतली बिऱ्हाडं दारात उभी. कुरोसू दुकान बंद करून आला होता. असल्या वेळी तो कधी चुकत नाही.

चपला काढायच्या जागेत तीन जोड मावले. उरलेले दहा गल्लीत रांगेनं लागले, ते थेट कुरोसूच्या दुकानापर्यंत.

आत्याबाई आत आल्या. बसल्या. चौफेर बघितलं.

"वा!" त्या म्हणाल्या. "बाहेरची ही बसायची खोली किती नेटकी!"

बाहेरची खोली! त्यांना वाटलं, दरबार पुढे आहे! बाकीचेही दाटीवाटीनं बसले. तेरा माणसं गुडघ्याला गुडघा लावून, आणि ताटं ठेवणार कुठे? मुख्य बैठकीत मांडायची म्हणून सगळ्यांनी ती मांडीवर घेतलेली! कुणाच्या मांडीवर करकोचा, कुणाच्या मांडीवर कासव, उमेगाकींच्या कुशीत पिंप. हारुओमीच्या तोंडासमोर पाइनचं झाड होतं. त्याच्यामागून तो माझ्याकडे असा बघत होता, की फाशीचा कैदीही बरा!

सगळ्यांचे डोळे एकाच दाराकडे. सोनेरी ढगांच्या.

"आत तयारी चालू असेल," आत्याबाई म्हणाल्या. "घाई नको."

"हो... म्हणजे... तयारी... आहे," मी म्हणालो.

नात्सुयोनं पाणी दिलं. पंधरा मिनिटं गेली. तिनं पुन्हा पाणी दिलं. अर्धा तास गेला. माणसांचे पाय बधिर होऊ लागले. एक काका रंगानं वांग्यासारखे झाले. तिनं तिसऱ्यांदा पाणी दिलं. कुणाच्या बोटांवर पाय न देता, करकोच्यांच्या चोचींखालून, वाकत, वळत, जणू पाण्यातली मासोळी! मी मात्र आता काय सांगावं याचा विचार करत होतो. आग लागली म्हणावं का? भूकंपाची वाट बघावी का? आमच्या देशात एरवी दर आठवड्याला होतो, त्या दिवशी नेमकी जमीन शिष्टासारखी स्वस्थ!

शेवटी वांग्याच्या रंगाचे ते काका कळवळून एका बाजूला कलले. सव्वाशे किलोचे काका! त्यांचा खांदा दारावर टेकला. सोनेरी ढग कचकन फुटले, दार खाचेतून निसटलं, आणि माझा संसार बाहेर आला!

आधी अंथरुणं. मग उशा. मग रेडिओ, जो आदळताक्षणी लागला आणि हवामानाचा अंदाज सांगू लागला. मग भाताचं भांडं, लोणच्यावरचा दगड (तो देवकृपेनं गादीवर पडला), आणि सर्वात शेवटी, घरंगळत, माझी हिवाळ्यातली लोकरी चड्डी. ती नेमकी कासवाच्या पाठीवर जाऊन स्थिरावली.

बाहेर टोफूवाल्याचा भोंगा वाजला.

"इसोगाईसान," आत्याबाई म्हणाल्या, "मग बैठक कुठे आहे?"

"इथेच," मी म्हणालो. "तुम्ही बसलाय तीच. सहा चटया. दाखवल्या तेवढ्याच आहेत."

मी माफी मागायला वाकलो. कपाळ चटईला टेकवायचं असतं. चटई मोकळी नव्हती, म्हणून ते काकांच्या गुडघ्यावर टेकलं. तिथूनच मी सगळं बोलून टाकलं. फळी, वाटी, भिंग, सगळं.

"दोष एकट्या बाबांचा नाही," नात्सुयो म्हणाली. "फोटो खोटा आहे हे मला माहीत होतं, आत्याबाई. पाकीट मीच चिकटवलं. तुम्ही नाही म्हणालात, तर मी समजून घेईन."

आणि ती रिकामे पेले गोळा करू लागली.

आत्याबाईंनी हात पुढे केला. "आणा ते यंत्र."

मी कॅमेरा दिला. त्यांनी तो डोळ्याला लावला आणि शेजारी बसलेल्या भावावर रोखला, हातभर अंतरावरून.

"सोहेई!"

"काय, ताई?"

"तुझं नाक केवढं झालंय रे! आणि कान कुठे गेले?"

कुणीतरी फिसकन हसलं. आत्याबाईंनी कॅमेरा खाली केला.

"अकरा खोल्यांच्या घरात राहतो आम्ही. मी पूर्वेला जेवते, हा पश्चिमेला. आज वीस वर्षांनी याच्या गुडघ्याला माझा गुडघा लागला. अजून तसाच टोकदार आहे, मेल्याचा." मग त्या नात्सुयोकडे वळल्या. "ठेव ते पेले खाली. तेरा माणसं, नऊ ताटं, तीन वेळा पाणी. थेंब सांडला नाहीस, कुणाला पाय लागला नाही. आमच्याकडे मोकळ्या ओसरीतून येणाऱ्या सुना दोनदा धडपडतात! लहान घरात मन लहान होतं म्हणाले होते ना मी? म्हातारी चुकली." आणि काठी आपटून म्हणाल्या, "बघताय काय? मांडा ताटं!"

पाइनच्या झाडामागून हुंदका आला. हारुओमी!

ताटं मांडायला घेतली. एक ताट खाली ठेवलं, की दोन माणसांना बाहेर जावं लागे. करकोचे बसले, काका बाहेर. कासव बसलं, मावश्या बाहेर. साकेचं पिंप ठेवलं तेव्हा आम्ही सगळे गल्लीत उभे होतो! मग साखरपुड्याची औपचारिक वाक्यं खिडकीतून झाली. उमेगाकी उजव्या बाजूनं वाकले, मी डाव्या बाजूनं, आणि "आम्ही हे आनंदानं स्वीकारतो" असं मी म्हणालो, तेव्हा अख्ख्या गल्लीनं "स्वीकारतो!" म्हटलं. सगळ्यांत मोठ्यानं कुरोसू.

निघताना आत्याबाईंनी पर्समधून पंचांग काढलं. "ताटं मांडली तशीच राहू द्यायची हं. लग्नाच्या दिवसापर्यंत तसूभर हलवायची नाहीत. आमच्याकडे तसा नेम आहे."

"अर्थात! आणि लग्न... पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या मार्चमध्ये," त्या म्हणाल्या.

तेव्हा मे चालू होता.

तर सध्या सहा चटयांवर करकोचे राहतात. नात्सुयो कपाटाच्या वरच्या फळीवर झोपते आणि गुणगुणते. खालच्या फळीवर फुमिए. मी स्वयंपाकघरात, पाय मोरीखाली. तक्रार नाही! पोरीचं लग्न ठरलं, आणखी काय हवं?

फक्त परवा आत्याबाईंचं पत्र आलं : माणसांची एवढी ऊब त्यांना वीस वर्षांत लाभली नव्हती, म्हणून थंडी संपेपर्यंत त्या आमच्याकडे राहायला येऊ म्हणतायत. मी उलट टपाली कळवलं, की आमचं घर फार लहान आहे, खरोखर जागा नाही.

आज उत्तर आलंय. "माहीत आहे. म्हणून तर येतेय."

गुरुवारी पोचतायत. फुमिए सकाळपासून मोरीखालची जागा माझ्यासकट घासतेय. पाहुण्यांसाठी!